चार खाचा वर

गाडीच्या सीटला कव्हर चढवून झालं की मावशी डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायच्या. खालून वर, वरून खाली, मग दोन्ही कडांनी. हात कुठेही अडला नाही तर काम झालं. अडला, तर तेवढे टाके उसवून पुन्हा. "डोळ्यांना फसवता येतं, हाताला नाही," असं त्या म्हणत. दुकानातले सगळे त्यांच्या पाठीमागे त्यांना फिटिंगमावशी म्हणत, पुढ्यात नुसतं मावशी. मालकही मावशीच म्हणायचे, स्वतः चार वर्षांनी थोरले असून.

या धंद्यात त्या उशिरा आल्या. आधी वीस वर्षं घरातल्या पुढच्या खोलीत बायकांचे कपडे शिवले. मग तयार कपड्यांची दुकानं इतकी झाली की माप द्यायला यायचे कष्ट कुणी घेईना. गिऱ्हाईक आटलं, तेव्हा त्या कामाची विचारणा करायला या दुकानाच्या पायऱ्या चढल्या. मालकांनी जाड रेक्झिनचा तुकडा पुढे टाकून विचारलं होतं, "हे जमेल का बाई? हे काही कापड नाही."

"माणसाच्या अंगाला बसवते, तर सीटच्या का नाही बसणार?" मावशी म्हणाल्या. "सीट निदान जेवून आल्यावर फुगत तरी नाही."

मालक हसले, आणि मावशी लागल्या कामाला.

पण कपडे शिवणाऱ्या बाईची नजर ती. सीटच्या पाठीवर डोक्यामागे जी उशी असते, ती त्यांना पहिल्या दिवसापासून खटकली. उशी दोन लोखंडी दांड्यांवर उभी. उशी आणि पाठ यांच्यामध्ये बोटभर, कधी चार बोटं फट. त्या फटीत धूळ, बिस्किटांचा चुरा, आणि तिथंच कव्हराला हमखास चुणी. मावशींना ते नीट न बसलेल्या कॉलरसारखं दिसायचं. अंगावर घातलेला कपडा मानेपाशी फाकलेला असावा, तसं. मग त्यांनी आपली युक्ती काढली. उशी दाबून अगदी खालच्या खाचेत बसवायची, पाठ आणि उशी मिळून एकच साचा कापायचा, आणि दोन्हींच्या मधे आतून दुहेरी शिवण घालून टाकायची. फट नाही, दांडे नाहीत, चुणी नाही. सीट कशी एकसंध, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखी. दुकानाबाहेर पाटी लागली: 'अखंड कव्हर. कुठेही फट नाही.' लोकांना ते आवडलं. सहा वर्षांत मागची भिंत खाकी कागदाच्या साच्यांनी भरली. प्रत्येक साचा खिळ्याला टांगलेला, त्यावर गाडीचं नाव आणि खाली मावशींच्या अक्षरात दोन शब्द: गळा बंद.

ते दोन शब्द त्या अभिमानानं लिहायच्या.

*

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दुकानापुढे टॅक्सी उभी राहिली. टॅक्सीवाले दादा स्वतः शेजारी बसले होते आणि गाडी त्यांचा मेहुणा चालवत होता, हेच पहिलं नवल. दुसरं नवल, दादा उतरले ते अख्खे वळले. मान नाही, डोळे नाहीत, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सगळा माणूस दार उघडल्यासारखा फिरला. गळ्याभोवती दवाखान्याचा पांढरा जाड पट्टा होता.

या दादांना टॅक्सीतळावर गप्पीदास म्हणत. गाडी चालवता चालवता मागं वळून प्रवाशांशी बोलायची त्यांना इतकी खोड, की एकदा एक म्हातारी म्हणाली होती, "बाबा, मी पुढे येऊन बसते, मग तुझं तोंड तरी रस्त्याकडे राहील."

"अगं बाई, हे काय?" मावशी मशीनवरून उठल्याच.

"ताई, आधी माफी मागतो." दादांनी हात जोडले. "तुमच्या कामाची वाट लावली आम्ही. दोन वर्षं मुंगीसुद्धा शिरली नाही त्या कव्हरात, आणि आमच्या गाढवानं फाडून ठेवलं."

"मी गाढव?" मेहुणा म्हणाला. "उशी वर काढ म्हणाला कोण?"

"वर काढ म्हटलं. उपटून काढ म्हटलं नाही."

मावशींनी खिडकीतून पाहिलं. चालकाच्या सीटवर, उशीच्या खाली, त्यांची दुहेरी शिवण एका बाजूनं वीतभर फाटून लोंबत होती. पण त्यांचं लक्ष तिथं राहीना. "मानेला काय झालं, ते सांगा ना."

"सांगतो. मी उभा होतो हो ताई. उभा! सिग्नल लाल, पाय ब्रेकवर. मागं एक बाई होत्या, त्यांना सांगत होतो की मेहुण्याला गाडी शिकवण्यापेक्षा बकरीला सायकल शिकवावी. तेवढ्यात मागून ठक्! धक्का म्हणाल तर काहीच नाही. मागचा दिवासुद्धा फुटला नाही. खाली उतरलो, त्याला दोन शिव्या दिल्या, त्यानं मला दोन दिल्या, फिटंफाट. घरी गेलो, जेवलो, झोपलो. सकाळी उठायला गेलो तर डोकं बिछान्यावरून उचलेना. शेवटी केसांना धरून उचललं. खोटं नाही सांगत, असे केस धरले आणि उचललं, बादली उचलावी तसं."

"मग?"

"मग दवाखाना. पट्टा आठवडाभरच म्हणतात, मग हळूहळू मान हलवायची. पण ह्या दोन बोटांना मुंग्या येतात, त्याचं अजून काही बोलत नाहीत. 'बघू,' म्हणतात." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दिलंय. मला म्हणे तोंडी काही समजत नाही, मी ऐकतच नाही."

कागदावर पेननं काढलेली दोन माणसं होती, सीटवर बसलेली. एकाची उशी डोक्यामागे. दुसऱ्याची मानेमागे. दुसऱ्याचं डोकं उशीच्या काठावरून मागे उलटलं होतं, झाकण उघडावं तसं.

"मागून धक्का बसला ना," दादा सांगू लागले, "की सीट पाठीला ढकलते. अंग पुढे जातं. डोकं बिचारं जागच्या जागी राहतं. उशी डोक्यामागे असली तर ती डोक्यालाही बरोबर घेऊन येते. उशी खाली, मानेशी असली तर डोकं असं जातं." त्यांना मागे मान टाकून दाखवायची होती. पट्ट्यामुळे ते जमलं नाही. नुसते डोळे वर गेले. "बाईंनी विचारलं, उशी इतकी खाली कशाला ठेवली होती? मी म्हटलं, मी कुठं ठेवली, गाडीचीच तशी आहे. वर येतच नाही. खराब असेल."

मावशींनी तो कागद मशीनच्या पाटावर ठेवला आणि त्यावर कात्री ठेवली, जणू वाऱ्यानं उडेल.

"संध्याकाळी सातला या," त्या म्हणाल्या. एवढंच.

"नीट करा हं ताई. तुमच्या हातचं आहे म्हणून दुसरीकडे टाकलं नाही," म्हणत दादा पुन्हा अख्खे वळले आणि मेहुण्याच्या खांद्याला धरून बसथांब्याकडे निघाले.

*

गाडी आत घेतल्यावर मावशी चालकाच्या सीटवर बसल्या. सहा वर्षांत त्या सीटवर वाकल्या होत्या, गुडघे टेकून बसल्या होत्या, उलट्या लोंबकळल्या होत्या. माणूस बसतो तशा कधीच बसल्या नव्हत्या. त्यांनी पाठ टेकली, डोकं मागे नेलं. उशीचा वरचा काठ त्यांच्या मानेच्या खळग्यात आला. आणि त्या तर बुटक्या.

"शिवून टाका पुन्हा, झालं," मालक खिडकीशी येऊन म्हणाले. "तासाभराचं काम."

"ही अशी शिवली म्हणून त्यांची मान गेली."

"मागच्यानं ठोकलं म्हणून गेली. आपण गादीवाले, मावशी. माना सांभाळायला डॉक्टर बसलेत. सहा वर्षांत एकानं तरी तक्रार केली का?"

"मान दुखावलेला माणूस दवाखान्यात जातो. तो दुकानात कशाला येईल?"

मालक बाहेर जाऊन उगीच पाटीवरची धूळ झटकू लागले.

मावशी तशाच बसून राहिल्या. समोरच्या आरशात मागची भिंत दिसत होती, सगळ्या साच्यांसकट. आणि त्यातला शेवटचा, नवा, अजून कडक कागदाचा साचा दिसला, तेव्हा त्या दार उघडून खाली उतरल्या.

तो लेकीच्या गाडीचा होता.

लेक पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, शहराबाहेर, कारखान्यांच्या पलीकडे. चार महिन्यांपूर्वी तिनं जुनी गाडी घेतली आणि मावशींनी तीन रविवार घालवून तिला कव्हर शिवलं. रंग कबुतराच्या मानेसारखा, एका बाजूनं करडा, दुसऱ्या बाजूनं जांभळट. आयुष्यात इतकं सुबक काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. दुकानात दुहेरी शिवण घालत. लेकीच्याला तिहेरी घातली होती.

लेक उंच. उंची बापाची. बाप आता नाही, उंची तेवढी राहिली घरात.

मावशींनी टेप काढला. लेकीची सगळी मापं त्यांना पाठ होती. लहानपणापासून तिचा प्रत्येक कपडा त्यांनीच शिवला होता. बसल्यावर डोक्याच्या टोकापर्यंत पस्तीस इंच. कानाच्या वरच्या टोकापर्यंत एकतीसला थोडं कमी. साच्यावर टेप धरला. बैठकीपासून उशीच्या काठापर्यंत अठ्ठावीस. त्यांनी पुन्हा धरला, या वेळी टेप सैल सोडून, जणू टेपलाच दया येईल. अठ्ठावीसच. आणि उशीला वर चार खाचा होत्या, एकेक इंचाच्या. त्या चारही खाचा मावशींनी स्वतःच्या हातानं तिहेरी शिवणीखाली गाडल्या होत्या.

फोन लावला. लेकीचा फोन कामाच्या वेळी कपाटात बंद असतो, हे माहीत असून लावला. मग निरोप टाकला: 'गाडी चालवू नकोस. तिथंच थांब. मी येते.' पाठवल्यावर वाटलं, हे वाचून पोरगी घाबरून उलट सुसाट निघेल. म्हणून दुसरा टाकला: 'घाबरू नकोस. सगळं ठीक आहे.' तो पहिल्यापेक्षा भयंकर दिसत होता.

आधी दादांचं काम केलं. फाटलेली शिवण सगळी उसवली, पाठीचं वेगळं, उशीचं वेगळं, असं दोन तुकड्यांत पुन्हा शिवलं. उशी वरखाली करून पाहिली. कट्, कट्, कट्, कट्. मधे चार बोटं फट, त्यात दोन दांडे चमकताहेत. मावशींनी त्यावरून हात फिरवला नाही.

मग पर्समध्ये टाके उसवायची छोटी सुरी टाकली आणि चार वाजता निघाल्या.

*

दोन बस बदलायच्या होत्या. पहिलीत उभं राहायला लागलं. खिडकीबाहेर गाड्या अगदी खेटून चालल्या होत्या, आणि मावशींना पहिल्यांदाच त्यांतली कव्हरं दिसेनात, नुसती डोकी दिसू लागली. डोकी आणि उशा. एक टक्कल, उशी खांद्याशी. एक बाई, उशी डोक्यामागे, बरोबर. एक तरुण, सीट इतकी मागे पाडलेली की उशी एकीकडे, डोकं वीतभर दुसरीकडे. एका गाडीला तर मागच्या उशाच नव्हत्या, आणि तिथं दोन मुलं बसली होती. बस थांबली की मावशींचा पाय आपोआप खाली दाबला जायचा. ब्रेक काही त्यांच्या पायाशी नव्हता.

प्रयोगशाळेच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा पाचला पाच मिनिटं कमी होती. आवारात सात गाड्या होत्या. कबुतरी रंगाची एकही सीट नव्हती. मावशींनी खिडक्यांना कपाळ लावून पुन्हा पाहिलं.

"ओ बाई! काय शोधताय?" रखवालदार खुर्चीतून उठला.

"माझी मुलगी इथं कामाला आहे. उंच आहे. तिची गाडी..." मावशी फोन काढायला गेल्या आणि पर्समधून आधी सुरी निघाली.

रखवालदार दोन पावलं मागे सरला. "हे काय?"

"टाके उसवायचे आहेत."

"कुणाचे?"

"गाडीच्या सीटचे! अहो, मी आई आहे तिची. कव्हर मीच शिवलंय, चुकलंय माझं, ते सोडवायला आलेय."

त्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. सुरी घेऊन चूक दुरुस्त करायला आलेली बाई त्याच्या नोकरीत ही पहिलीच असावी. "पाण्याच्या बाटल्या नेणाऱ्या उंच मॅडम का? त्या नमुने आणायला गेल्यात. मोठ्या रस्त्यानं, धरणाच्या बाजूला. येतील इतक्यात." मग जरा नरमला. "बसा. ती सुरी तेवढी आत ठेवा."

म्हणजे पोरगी आत्ता रस्त्यावरच होती. ट्रकांच्या रांगेत, तिहेरी शिवणीला मान लावून.

पाऊण तास मावशी त्या खुर्चीशेजारच्या कठड्यावर बसल्या. मोठा रस्ता तिथून दिसत नव्हता, ऐकू येत होता. प्रत्येक ब्रेकच्या किंकाळीला त्या उभ्या राहत आणि मग पदरी काहीच न पडता खाली बसत. रखवालदारानं चहा दिला. तो हातातच निवला.

"काळजी करू नका," तो म्हणाला. "मॅडम गाडी फार सांभाळून चालवतात."

"दादाही उभेच होते," मावशी म्हणाल्या. कोण दादा, हे त्यानं विचारलं नाही.

पावणेसहाला गाडी फाटकातून आत आली. काचेमागे लेकीचा चेहरा, आधी साधा, मग आईला पाहून पांढरा.

"आई? काय झालं? कोण गेलं?" दार उघडंच टाकून ती धावली.

"कुणी गेलं नाही. खाली बस. म्हणजे नको, गाडीत बस. चालकाच्या जागेवर. मला बघू दे."

"तू फिटिंग बघायला दोन बस बदलून आलीस?"

"जीभ आवर आणि बस."

लेक बसली. अठ्ठावीस इंच म्हणजे अठ्ठावीसच होते. उशीचा काठ तिच्या मानेच्या मध्यावर आणि वर सगळं डोकं उघड्यावर, फांदीवर ठेवलेल्या फळासारखं. त्यातून सीटची पाठ भलतीच मागे पाडलेली.

"अशी आडवी होऊन का चालवतेस?"

लेकीनं समोरचा आरसा उगीच सरळ केला. मग म्हणाली, "सरळ बसलं की ती कड मानेला टोचते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तीन रविवार घालवलेस तू. डोळे मिटून हात फिरवत होतीस, किती खूश होतीस! काय बोलणार मी?"

मावशींनी मान खाली घातली आणि सुरी काढली. टोक शिवणीत घालून त्यांनी पहिला टाका तोडला. दुकानात त्या म्हणायच्या, माझी शिवण उसवायला माझाच हात लागतो, आणि ते खरं ठरलं. नायलॉनचा दोरा, बारीक टाके, एकावर एक तीन ओळी. बोट कापलं. लेक म्हणाली, "दे, मी करते." "तू रेक्झिन कापशील." कामाचा अभिमान तेवढा अजून शिल्लक होता.

शिवण सुटली, तसं दोन्ही बाजूंचं कापड सैल होऊन मागे गेलं आणि दांडे उघडे पडले. मावशींनी खालचं बटण दाबलं. कट्. कट्. कट्. कट्. चार खाचा वर. आता काठ लेकीच्या कानांच्या वर गेला. मग सीटची पाठ उभी करायला लावली, डोकं आणि उशी यांच्यामधे आपली बोटं घातली. चार बोटं जात होती. अजून उभी कर. तीन. अजून. दोन.

"आता मी शाळेतल्या बाकावर बसल्यासारखी दिसते."

"दिस. पट्टा लाव. चल."

"नाही," लेकीनं किल्ली फिरवली नाही. "तुझ्या बाजूची उसव आधी."

"माझं काय, मी बुटकी. उशीर होतोय, सातला दुकानात दादा येतील."

"मला मोजता येतं आई. तुझ्याही मानेशीच आहे ती. तू उसवेपर्यंत मी गाडी हलवत नाही. सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही तुझा."

मावशींनी दुसरी शिवणही उसवली. कापलेल्या बोटाचं रक्त कबुतरी रंगावर लागलं आणि जांभळ्यात दिसेनासं झालं.

परतताना पुलाखालच्या सिग्नलला गाडी थांबली. मावशींनी आपल्या बाजूच्या आरशात पाहिलं. मागून ट्रक येत होता, रिकामा, खडखडत. मोठा होत होता. "डोकं टेकव," त्या म्हणाल्या. लेकीनं काही न विचारता डोकं मागे टेकवलं. मावशींनीही टेकवलं. आरसा ट्रकच्या तोंडानं भरून गेला, मग हवेच्या ब्रेकचा मोठा उसासा आला, आणि ट्रक थांबला, हातभर अंतरावर.

दिवा हिरवा झाला. लेकीनं गाडी पुढे घेतली.

*

दादा दुकानात आधीच येऊन बसले होते. मेहुणा गाडीत बसून उशी वरखाली करत होता. "वा ताई!" दादा म्हणाले. "येते की वर! म्हणजे खराब नव्हतीच. काय केलंत?"

मावशींनी पर्स खाली ठेवली. लेक दाराशी उभी होती. मालक आत होते. सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं.

"खराब नव्हतीच दादा. मी शिवून टाकली होती. फट दिसू नये म्हणून खाली दाबून शिवली. त्यामुळेच वर येत नव्हती."

दादांना मान हलवता येत नव्हती, म्हणून होकार की नकार तेही कळेना. नुसते त्या पट्ट्याच्या वर डोळे. त्यांनी मुंग्या येणारी दोन बोटं दुसऱ्या हातात धरली. तळावर ज्यांना गप्प करायला लोक पैजा लावत, ते दादा उठले, अख्खे वळले आणि एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसले. मेहुण्यानं एकदा मागं पाहिलं आणि गाडी सुरू केली.

मावशींना वाटलं होतं, शिव्या देतील. शिव्या बऱ्या होत्या.

रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. सकाळी दुकानात आल्या तेव्हा बाहेर तीन टॅक्सी उभ्या होत्या. पहिलीपाशी दादा, पट्टा गळ्यात. त्यांनी मावशींकडे पाहिलं नाही. आपल्या मागच्या चालकाला म्हणाले, "ह्यांच्याकडेच उसवून घ्या. दुसरा कुणी हात लावेल तर फाडेल." मग मालकांना म्हणाले, "दुपारी अजून चार येतील." मावशींशी बोलणं तेवढं नव्हतं.

मालक शिडी आणायला गेले. पाटी उतरवायला की पुसायला, ते त्यांनाही ठरवता आलं नसावं.

मावशी सुरी घेऊन कामाला लागल्या. एकेक सीट उसवली की भिंतीवरचा साचा काढून, 'गळा बंद' खोडून, त्याच खिळ्याला परत टांगायच्या. महिनाभरात अर्ध्याहून जास्त साच्यांवर रेघ आली. दादांचा पट्टा निघाला. एका बोटाच्या मुंग्या गेल्या, दुसऱ्याच्या राहिल्या. एक दिवस जाता जाता ते पहिल्यांदाच पुन्हा मावशींशी बोलले, "ताई, ह्याची चप्पल तेवढी घसरते हं ब्रेकवरून, सांगा त्याला," आणि मेहुण्याकडे बोट केलं. मावशींनी तिथल्या तिथं मेहुण्याला चप्पल बदलायला सांगितलं.

पण उरलेले साचे होते. वाटेनं जाताजाता एकदाच आलेली माणसं, ज्यांचं नाव नाही, गाव नाही, फक्त गाडी आणि रंग. एक गर्द तांबडं होतं, पिवळ्या दोऱ्याचं. शिवून घ्यायला नवराबायको आले होते, मागे तान्हं मूल. मावशींना ते चेहरे आठवत नव्हते. टाके आठवत होते.

आताही त्या बसमध्ये बसत नाहीत, जागा असली तरी. खिडकीशी उभ्या राहतात आणि खालच्या गाड्यांत पाहत जातात. तांबडा रंग दिसला की काचेवर बोटं टेकतात, पिवळा दोरा आहे का बघायला.